काचेवरचा वण

उमाने फोटोची काच चौकटीत बसवली, डोक्यावरून काळे कापड ओढून घेतले, आणि तिला प्रथम दिसला तो कान. चेहऱ्याकडे तिचे लक्ष गेलेच नाही. कानाची वरची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती, वाचता वाचता पोथीच्या पानाचा कोपरा मुडपून ठेवावा तशी. असा कान तिने उभ्या आयुष्यात दोघांचाच पाहिला होता. त्यांतला एक जण मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्याच्यामागे तिचे कपाळ मोकळे राहिले. दुसऱ्याचा कान तिने न्हाऊ घालताना कोमट तेलाच्या बोटांनी रोज ताणून पाहिला होता, दुमड उलगडली तर उलगडावी म्हणून. तेव्हा सासूबाई न्हाणीच्या दारातून म्हणायच्या, "अगो, कशाला ओढतेस त्याचा कान? घराण्याची मोहोर आहे ती. राहू दे." ती दुमड उलगडली नव्हती. ती आता काचेवर होती, खिडकीतून येणाऱ्या उत्तरेच्या उजेडात, तिच्या हातातल्या पेन्सिलीच्या टोकापासून वीतभर अंतरावर.

काचेवर सगळे उलटे असते. उजेडाची जागा काळी उतरते आणि काळोखाची जागा नितळ राहते, म्हणून काचेवरची माणसे काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या केसांची असतात. भावाच्या फोटोच्या दुकानामागच्या या खोलीत बसून इतकी वर्षे चेहरे दुरुस्त करताना उमाला ते उलटेपण जाणवेनासे झाले होते. काळ्यातून गोरे आणि पांढऱ्यातून काळे ती न ठरवता वाचत असे, जशी आई मुलाचे बोबडे बोल वाचते. आज मात्र ती सवय मोडली. केस पांढरेशुभ्र, भुवया पांढऱ्या, ओठांच्या कडेला म्हाताऱ्यासारखी सावली. आपला बाबू म्हातारा होऊन आपल्यासमोर येऊन बसला आहे, मधले सगळे आयुष्य त्याने कुठेतरी जगून संपवले आहे आणि आपल्याला त्यातला एक दिवसही दाखवलेला नाही, असे तिला वाटले. तिने कापड डोक्यावरून काढले. खोलीत राळेच्या रोगणाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता. बाहेर विमलावहिनी तुळशीपाशी कोणाशी तरी माशीच्या पंखाएवढ्या वादावरून हसत होती. जगात काही झालेले नव्हते.

हरिहर पुढच्या दालनात कॅमेऱ्याच्या भात्यावर बसलेली लाल धूळ मऊ कुंच्याने झाडत होता. या गावात जांभ्याची धूळ आणि समुद्राची दमट हवा हे त्याच्या धंद्याचे दोन कायमचे वैरी.

"दादा, ही काच कोणाची?"

"सांगितलं ना, चिपळूणचं गिऱ्हाईक आहे. हनुवटीवरचा वण तेवढा काढायचाय. बाकी तुझं तू बघ."

"नाव नाही विचारलंस?"

हरिहरने कुंचा खाली ठेवला नाही, पण त्याचा हात थांबला. "तू ओळखलंस तर सांगायचं, नाही ओळखलंस तर गप्प बसायचं, असं ठरवलं होतं मी."

"म्हणजे तो या घरात आला होता."

"परवा दुपारी. गणपतीपुळ्याला निघाले होते दोघं. वाटेत फोटो काढून घ्यावा म्हणून उतरले. तू विहिरीवर होतीस."

"आणि मला हाक मारली नाहीस."

"काय म्हणून मारायची होती, उमा?" हरिहरचा आवाज कठोर नव्हता, तो खरोखरच विचारत होता. "ही तुझी कोण, असं त्यानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?"

उमा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्या दालनात एक खुर्ची होती, मागे रंगवलेला पडदा होता, पडद्यावर कोकणात कुठेच नसलेले सरोवर आणि हंस होते. त्या खुर्चीत तो बसला होता.

"बोलतो कसा?"

"जरा नाकात. तुझ्या सासऱ्यांसारखा. हनुवटी वर घ्या म्हटलं की हसू येतं त्याला. तीन वेळा हसला, एक काच फुकट गेली." हरिहरने कुंचा पुन्हा भात्यावर फिरवला. "जाताना खुर्ची आपण होऊन जागच्या जागी नेऊन ठेवली."

"वण काढायचं कोणी सांगितलं? त्यानं?"

"छे. तो म्हणत होता, असू दे ना आई, मला कुठे टोचतोय तो. पण आनंदीबाई ऐकेनात. मुंबईला मुलीकडच्यांना पाठवायचाय फोटो. डोळ्यांत पाणी आणून सांगितलंन, वण तेवढा दिसता उपयोगी नाही." मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "मीच केली असती ही काच. पण माझा हात आता थरथरतो, आणि तुझ्यासारखं कोणालाच येत नाही. चेहरा बिघडला असता. तो बिघडलेला तुला चालला असता का?"

असू दे ना आई. हरिहरने ते वाक्य सहज सांगून टाकले होते. त्यातला शेवटचा शब्द उमा आत जाताना बरोबर घेऊन गेली.

खिडकीशी असलेले तिचे मेज उतरते होते. मधोमध भोक, त्यात घासून दुधी केलेली काच, खाली आकाशाकडे तोंड करून ठेवलेला आरसा. आरशातला उजेड खालून येई आणि माणसाचा चेहरा आतून पेटल्यासारखा दिसे. नवऱ्याच्या मागे माहेरी परत आली तेव्हा नुसते बसून राहणे तिला असह्य झाले होते, आणि हरिहरला नुकत्याच थाटलेल्या दुकानासाठी असे बसून डोळे फोडणारे माणूस हवे होते. सुरुवातीला तिने गावातल्या सगळ्यांना सारखे करून टाकले होते. सुरकुती दिसली की भर, खड्डा दिसला की भर. सावकारांच्या आणि वकिलांच्या तसबिरी तिच्या हातून साबणाच्या वड्यांसारख्या गुळगुळीत होऊन बाहेर पडत, आणि लोक खूश होऊन घेऊन जात. तिला थांबवले ते सगुणा नावाच्या एका कुणब्याच्या बाईने. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, त्याला पाठवायला तिने फोटो काढला आणि घ्यायला आली तेव्हा तो हातात धरून बराच वेळ बघत राहिली. "ह्या बाईचा फोटू चांगला हाय," ती म्हणाली, "आता माजा द्या." दुकानातली माणसे हसली. सगुणा हसली नाही. "मना गोरी नि पोरगी करून ठेवलाव, तर माजा घोव वलकायचा नाय. तो म्हनेल, ही कोन आनि माजी बायको खंय गेली?" उमाने ती काच परत घेतली, टर्पेंटाइनने पुसून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून केली. तेव्हापासून तिचा एक नियम झाला. चेहऱ्यावर जे पाहुणे म्हणून आले आहे ते काढायचे: उन्हाने उठलेले पुरळ, एखाद्या रात्रीचे जाग्रण, कॅमेऱ्याच्या भीतीने आवळलेला ओठ. पण जे राहायला आले आहे त्याला हात लावायचा नाही. ते काढले तर माणूस घर सोडून गेल्यासारखा दिसतो.

तिने भिंग घेतले आणि पुन्हा कापडाखाली गेली. आता ती एकच गोष्ट शोधत होती. डावी भुवई, नाकाकडून निम्म्यावर. तिथे एक वण होता. तिला तो डोळे मिटूनही दिसे. सासरच्या घराच्या पडवीत बाबू रांगणे सोडून नुकता चालायला लागला होता, आणि चालण्याच्या आनंदात जोत्याच्या कडेवर आपटला. रक्त डोळ्यात उतरले. उमाने पदर भिजवून दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने त्याचे डोके छातीशी घेऊन जखमेवर फुंकर घालत राहिली. जखम भरली तरी त्याची फुंकर सुटली नाही. कुठे ठेच लागो, मांजराने ओरबाडो, नाहीतर नुसते कोणी रागावलेले असो, तो धावत यायचा, भुवईवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, फू." कुठेही लागले तरी बोट त्याच जागेवर. सगळ्या दुखण्याचे दार तेच, असे त्याने ठरवून टाकले होते. आणि तिनेही कधी "अरे, लागलंय पायाला" असे म्हटले नाही. ती भुवईवरच फुंकर घाली आणि पाय बरा होई.

दत्तविधानाच्या दिवशी त्याने तेच केले होते. थोरल्या पातीत, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेत, आनंदीबाईंना मूल नव्हते. उमाच्या सासऱ्यांच्या पुतण्याचे चिपळूणला मोठे घर, वंश बुडतोय म्हणून म्हाताऱ्यांनी बसून ठरवले. उमाला आणखी होतील, तिचे वय ते काय, असे सगळे म्हणत होते आणि त्यांत वाईट कोणीच नव्हते. होमाचा धूर, भटजींचा चढा आवाज, आणि तिच्या नवऱ्याने हातावरून पाणी सोडून मूल दुसऱ्याच्या मांडीवर दिले. धुराने मुलाचे डोळे चुरचुरत होते. आनंदीबाईंच्या मांडीवरून त्याने माजघराच्या दारात उभ्या असलेल्या उमाकडे पाहिले आणि भुवईवर बोट ठेवले. दोघींच्या मधे होमकुंड होते. सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला होता. "आता पुढे होऊ नकोस हो," त्या कुजबुजल्या, "त्याचं मन तिकडे लागायला हवं. वर्षभर तू दिसूच नकोस. मग काय, जाऊ-येऊच." बाबू बोट तसेच ठेवून वाट पाहत राहिला. त्याचे नाव बदलून चारुदत्त ठेवले. पुढे वर्ष सरायच्या आत मानमोडी आली, नवरा गेला, आणि जाऊ-येऊ म्हणणारी माणसेही राहिली नाहीत.

त्या वणाने तिला इतकी वर्षे कामाला लावले होते, हे हरिहरलासुद्धा ठाऊक नव्हते. दुकानात काढलेल्या प्रत्येक मुलाच्या, मग प्रत्येक तरुणाच्या काचेवर तिची नजर आधी डाव्या भुवईकडे जाई. शाळेच्या सामूहिक फोटोत वाटाण्याएवढ्या तोंडांवरून ती भिंग फिरवी. बाबू कधीतरी या खिडकीपाशी येईल, आणि आला की भुवईतली ती बारीक बिनकेसांची फट आपल्याला हाक मारील, याबद्दल तिला संशय नव्हता.

भुवई अखंड होती. भिंगाखाली तिचा केसन् केस वेगळा दिसत होता आणि कुठेही खंड नव्हता. उमाने काच बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बसवली. आरसा हलवून उजेड बदलला. उजवी भुवईही पाहिली, स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडून. काही नव्हते. ज्या जागी ती इतक्या वेळा ओठ नेत होती ती जागा वाढत्या हाडाने ताणून घेतली असेल, केसांनी भरून टाकली असेल. चेहरा आपल्या कामाला लागला होता आणि तिला विचारायला थांबला नव्हता. उलट त्या चेहऱ्यावर जे होते ते सगळे तिला अनोळखी होते. नाकाशेजारी कांजिण्यांचा एक खड्डा. त्या तापात कोणीतरी उशाशी बसले होते. दोन भुवयांच्या मधे कमी उजेडात वाचणाऱ्याची उभी रेघ; "पुरे आता, डोळे जातील" असे कोणीतरी म्हणाले होते. आणि हनुवटीवर तो वण. आडवा, किंचित वाकडा, काचेवर काळ्याभोर दोऱ्यासारखा. म्हणजे कागदावर पांढरा. वण खोल असणार. टाके घातले असतील. कोणाच्या पदरात ते रक्त गेले असेल हे सांगायला भिंग लागत नव्हते. हा मुलगा म्हणजे एक वापरते घर होते, त्याच्या भिंतीवरचा प्रत्येक डाग दुसऱ्याच बाईच्या हातचा होता, आणि आपली म्हणून जी एक खुंटी होती तीही कोणीतरी काढून भोक बुजवले होते.

भुवईवर एक रेघ. पेन्सिलीची एकच रेघ पुरे होती. पॉलिश कागदावर घासून तिने शिशाचे टोक सुईसारखे केले. नितळ भुवईवर तिरकी, केसाएवढी रेघ ओढली की कागदावर ती पांढरी उमटेल, भुवई दुभंगेल, आणि बाबू परत येईल. कोणाला कळणार नव्हते. कळले तरी हरिहर म्हणेल, काचेतच दोष असेल. मुंबईची ती मुलगी तो फोटो हातात घेईल, आणि बाबूचा तो वण तिच्या मनात कायमचा बसेल. नंतर खरा चेहरा पाहून ती चकित होईल, कदाचित त्याला विचारीलही, आणि तो आरशात भुवई पाहील. उमाने पेन्सिल नेली. टोक काचेवर टेकले नव्हते, पण त्याची सावली भुवईवर पडली होती, आणि त्या सावलीत तो क्षणभर तसा दिसला. जे चेहऱ्याने ठेवले नाही ते ठेवणारी मी कोण, असे तिला वाटले. आणि त्याच वेळी असेही वाटले की हा प्रश्न फार शहाणा आहे, तो एखाद्या माणसाने दुसऱ्याबद्दल विचारावा तसा आहे, आईने विचारावा तसा नाही. आरशातला उजेड ढगाने मंदावला, पुन्हा उजळला. शेवटी तिने पेन्सिल मेजाच्या खाचेत ठेवली. सगुणा तिच्या मनात येऊन उभी राहिली होती, फोटो हातात धरून. आता माझा द्या.

आणि त्याच नियमाने हनुवटीच्या वणालाही हात लावायचा नव्हता. तो राहायला आलेला होता. असे दिवस होते की मोठमोठ्या गिऱ्हाइकांना हरिहरने तिच्या वतीने सांगितले होते, "राव, तीळ राहू द्या, तुमची ओळख त्यातच आहे." त्याने आनंदीबाईंनाही तसे सांगितले असते. उमाच्या मनात ते आलेही. पण आले आणि गेले. ती हे नंतर आठवी तेव्हा त्या वेळी मनात राग होता असे तिला म्हणता येत नसे. राग असता तर बरे होते, रागाला काही तोंड असते. ते त्याहून बारीक होते. ज्या पडण्याशी आपला काही संबंध नाही, ज्या रडण्याला आपण नव्हतो, ते आपल्या हातून पुसले जावे, एवढी एक थंड, जवळजवळ नीटनेटकी इच्छा. शिवाय गिऱ्हाइकाने सांगितलेच होते. तिने चाकू घेतला.

पेन्सिलीची भर पुसता येते, चाकूचे काम परत येत नाही. काचेवरचा थर कागदाहून पातळ. पात्याचे टोक जवळजवळ आडवे धरून, श्वास रोखून, काळ्या दोऱ्याच्या अंगावरून नुसते फिरवायचे. थर भुकटीसारखा निघतो. जास्त गेला तर कागदावर तिथे काळा डाग पडतो, कमी गेला तर वण भुतासारखा राहतो. उमाचा हात तिला स्वतःला नवल वाटावे इतका स्थिर होता. एक झटका, मग फुंकर मारून भुकटी उडवायची, मग भिंगातून पाहायचे, मग पुन्हा. वण एका टोकाकडून विरत गेला. जिथे जिथे तो गेला तिथे तिने पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी कातडीचे कण पुन्हा पेरले, शेजारच्या दाढीच्या छटेशी जुळवले, हनुवटीचा गोलवा जपला. काम संपले तेव्हा या माणसाला कधी काही लागले होते असे कोणी म्हणाले नसते, आणि तरीही चेहरा घोटल्यासारखा दिसत नव्हता. जिवंत, तरतरीत, हसू दाबणारा. इतके चांगले काम तिच्या हातून आजवर झाले नव्हते. शेवटची भुकटी तिने जोराने फुंकून टाकली.

फोटो न्यायला आनंदीबाई एकट्याच आल्या. दालनातून त्यांचा आवाज ऐकू आला, मग विमलावहिनी आत येऊन म्हणाली, "वन्सं, त्या तुम्हांला भेटायचं म्हणतायत. नको तर मी सांगते, अंगात कसर आहे म्हणून." पण तोवर आनंदीबाई दारात आल्याच होत्या. उमाला आठवत होती ती धिप्पाड, भरल्या हातांची, नथ सावरणारी बाई; ही कोणी वाकलेली होती, आणि जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, जिना नसताना.

"बस हो, उठू नकोस," त्या म्हणाल्या आणि स्वतः पाटावर टेकल्या. फोटो त्यांनी कागदातून काढून मांडीवर धरला होता. "तूच करतेस ना हे? हरिहरभावजी बोलले नाहीत, पण मी ओळखलं. पुरुषाच्या हाताला इतका धीर नसतो."

उमाने मेजावरच्या काळ्या कापडाची घडी घातली.

"चांगला केलायस. अगदी तोच. आणि वण नाही." त्यांनी हनुवटीवरून अंगठा फिरवला, फोटोवर ठसा उमटेल याचे भान न ठेवता. "एवढी वर्षं झाली, उमा. मुलगा जेवायला समोर बसला की माझी नजर पहिली तिथे. आता एक तरी चेहरा घरात असेल की ज्याच्याकडे मला नीट बघता येईल."

"का? काय झालं होतं?" उमाने विचारले. विचारताना तिला वाटले की आपण हे केवळ बोलायचे म्हणून विचारतो आहोत.

"तुला कोणी सांगितलं नाही ना? मी सांगू दिलं नाही कोणाला." आनंदीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "नवीन नवीन आणला होता. दिवसभर ओटीवर बसायचा. खायचा, प्यायचा, रडायचा नाही. हे म्हणायचे, बघ, लागलं मन. एक दिवस रस्त्यानं एक बाई चालली होती नदीकडे. हिरवं लुगडं, तुझ्यासारखी उंच. पाठमोरी. हा उठला आणि धावला. हाक नाही, काही नाही, नुसता धावला. सात पायऱ्या आमच्या ओटीच्या, दगडी. खालच्या पायरीवर हनुवटी फुटली. ती बाई वळली, आणि त्यानं पाहिलं की ही दुसरीच कोणी."

तुळशीजवळ विमलावहिनीच्या कळशीचा आवाज झाला.

"मी उचलला. रक्ताची धार लागली होती. मी फुंकर घालायला गेले तर दोन्ही हातांनी हनुवटी झाकून घेतलीन. म्हणाला, तू नको. आई फू करील. मग हातच काढीना. डॉक्टर आले, त्यांनी हात सोडवले, टाके घातले, तरी झोप लागेपर्यंत म्हणत होता, अजून नाही आली? मी ह्यांना म्हटलं, बोलावून घेऊ या हो तिला, चार दिवस. हे म्हणाले, आता बोलावलंस तर कायमचा गेला तो तुझ्या हातचा." त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, पाणी तसेच ओघळू दिले. "मी भ्याले, उमा. माझी कूस रिकामी होती, मी भ्याले. नाही बोलावलं. पुढे तो विसरला. सगळं विसरला. पण त्यानंतर कधी कोणाला फुंकर घालायला सांगितलंन नाही त्यानं. ताप आला, काटा रुतला, पाय मोडला. नाही म्हणजे नाही."

उमाचे हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या तर्जनीला शिशाचा काळा डाग होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"तो मांडवीच्या धक्क्यावर गेलाय, आगबोट बघायला," आनंदीबाई म्हणाल्या. "येईल इतक्यात. त्याला ठाऊक आहे सगळं, मुंजीच्या वेळी सांगितलं मी. पण विचारत नाही कधी. तुझी इच्छा असेल तर..." त्यांनी फोटो पुन्हा कागदात गुंडाळला. "थांबू का मी? बोल ना गो काहीतरी."

बोलायला उमाचे तोंड उघडलेही. पण दालनाच्या पायऱ्यांवर बूट वाजले आणि एक मोकळा, किंचित नाकातला आवाज आत आला.

"आई, चल ना. मोटार सुटेल."

दोघींनी एकदमच मान वर केली. क्षणभर कोणीच ओ दिली नाही. आनंदीबाईंनी उमाकडे पाहिले. त्या खरोखर थांबल्या होत्या. मग उमानेच मान हलवली, अगदी थोडी, जशी ती गिऱ्हाइकाला काम मान्य असल्याची हलवी.

"आले रे," आनंदीबाई म्हणाल्या. उठताना त्यांनी उमाच्या खांद्यावर हात ठेवला, भार देण्यासाठी की भार घेण्यासाठी ते कळले नाही. दालनात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी ती जागच्या जागी नेऊन ठेवली. मग बूट उतरून गेले.

हरिहर दारापर्यंत आला आणि परत गेला. उमाने फडताळातून ती काच काढली आणि चौकटीत बसवली. आरसा खिडकीकडे वळवला, कापड ओढून घेतले. आत उजेड होता तितकाच होता. पांढऱ्या केसांचा तो मुलगा हसू दाबत होता. भुवई अखंड होती; तिच्याकडे उमाने आता पाहिले नाही. तिने हनुवटीवर भिंग धरले आणि आपले ठिपके शोधले. ते तिलाही सापडेनात, इतके नीट बसले होते. वणाची भुकटी मेजाच्या फटीत कुठे राहिली असेल म्हणून तिने बोट फिरवून पाहिले. बोटाला नुसती लाल धूळ लागली. मग तिने भिंग बाजूला ठेवले, दोन्ही हातांनी चौकट धरली, तोंड अगदी जवळ नेले आणि त्या हनुवटीवर हळूच फुंकर घातली. काच धुरकटली. चेहरा दिसेनासा झाला, आणि ती थांबली. मग कडेकडून धूर विरत गेला आणि तो पुन्हा दिसू लागला, नितळ, कुठेही कधी काही लागलेले नसावे असा.